डोंगराने की समुद्राने

खोली भाड्याने देण्याआधी काकांनी आम्हाला पांडवलेण्यापर्यंत चालवत नेलं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. आमचं नवीन लग्न झालेलं, यांना सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागलेली आणि आम्ही घर शोधत होतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला पसंत पडल्या. आता भाड्याचं विचारावं म्हणून यांनी तोंड उघडलं, तर घरमालक म्हणाले, "चला, जरा पाय मोकळे करून येऊ. मग बोलू."

आम्हाला वाटलं, कोपऱ्यावर चहा पाजतील. मी नवी साडी आणि टाचेचे सँडल घालून निघाले. अंबडचा रस्ता आला, गेला. हायवे ओलांडला. डोंगराच्या पायऱ्या सुरू झाल्या तेव्हा मी सँडल हातात घेतले. यांना धाप लागली होती आणि ते ती लपवायला मधेमधे उभं राहून शहराचं कौतुक करत होते. काका एकदाही मागे वळून पाहत नव्हते, पण त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडेच होतं. खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तुम्हाला खोली दिली." मग यांच्याकडे बघून, "तुम्हीसुद्धा राहा."

हे त्यांचं नेहमीचंच होतं म्हणे. बसलेला माणूस गोड बोलतो, चालताना मात्र तो आहे तसा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या आधी आलेलं एक कुटुंब अंबडलाच रिक्षा करून परत गेलं होतं. त्यांची गोष्ट काका पुढे वर्षानुवर्षं सांगत आणि दरवेळी तितकेच दुखावलेले दिसत.

काका आणि काकू मूळचे बागलाणातले, नामपूरचे. काका एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. कंपनीची बस दारावरून जायची आणि ते तिच्याशेजारून चालत जायचे. ड्रायव्हर रोज हॉर्न वाजवायचा, काका रोज हात करायचे, पण त्यांनी आयुष्यात त्या बसची पायरी चढली नाही. गाडीला ते 'खोकं' म्हणत. काकूंच्या भाचीचं लग्न विंचूरला होतं. काकू इतर पाहुण्यांबरोबर टेम्पोतून गेल्या, काका आदल्या दिवशी चालत निघाले. वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटलं, कांद्याच्या भावावर गप्पा झाल्या, आणि ते मांडवात पोचले तेव्हा लोक हात धुवत होते. नवरानवरीला आशीर्वाद देऊन, उरलेली बुंदी खाऊन, ते तसेच चालत परत आले. काकू आठ दिवस बोलत नव्हत्या.

ही चालण्याची सगळी तयारी एका नवसासाठी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंना विषमज्वर झाला. नामपूरच्या घरात त्यांना ओसरीवर आणून ठेवलं होतं, म्हणजे घरच्यांनी आशा सोडली होती. तेव्हा काका मळ्यातल्या महादेवापुढे जाऊन बसले आणि बोलून गेले की ही उठली तर दोघं मिळून गोदावरीचं पाणी पायी गोकर्णाला नेऊ आणि महादेवाला घालू. काकू उठल्या. पण दोन-दोन महिने रजा कोण देणार? मग घर बांधणं आलं. मूलबाळ नव्हतं, तरी संसार काही थांबला नाही. नवस निवृत्तीवर ढकलला गेला. आम्ही राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि घरात एकच विषय उरला, गोकर्णाला जायचं कुठून? डोंगराने की समुद्राने?

काकांचं म्हणणं, घाटमाथ्याने जायचं. घोटी, भीमाशंकर, महाबळेश्वर, असं देवांच्या दारातून दक्षिणेला. काकूंचं म्हणणं, जव्हारवरून खाली उतरायचं आणि मग समुद्र धरून चालायचं. काकूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. नाशिकहून मुंबई काही परदेशात नाही, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, चला काकू, आपण दोघी जाऊन येऊ. त्या म्हणाल्या, "नको पोरी. यांच्यासंगंच पाहायचा. खोक्यात बसून नाय."

हा वाद ते दोघं अहिराणीत करत. आमच्या खिडकीखालीच त्यांचा ओटा होता, त्यामुळे मला तो पाठ झाला होता.

"जनमभर डोंगरच देखात मी," काकू म्हणत. "दारमा डोंगर, मळामा डोंगर. आते माले समुद्र देखना शे."

"तठे खाड्या शेत. खाडीवर होडी लागस. होडीमा बसनं म्हंजे पायी कसं?"

"देवले खाडी माहीत नही का?"

"आनि गडू कोठे टांगशी?"

"मी शे ना! मी धरसू."

गडूचं सांगायला हवं. कावडीचं पाणी एकदा उचललं की जमिनीला टेकवायचं नाही, ही रीत. जेवताना, झोपताना, आंघोळीला जाताना ते झाडाला टांगायचं, नाहीतर कुणीतरी हातात धरून बसायचं. डोंगरात पावलापावलाला झाड आहे, वाळूत काय टांगणार, असा काकांचा बिनतोड मुद्दा होता. आणि काकूंचं उत्तरही बिनतोड होतं, की मग मी कशाला आहे?

काका यावर जगाची मतं गोळा करत. दूधवाला, मीटर वाचायला येणारा, गॅसचा माणूस, कुणीही दारात आला की, "तुम्ही असता तर कुठून गेला असता?" गॅसवाला बिचारा सिलिंडर खांद्यावर तोलत उभा. एकदा त्याने वैतागून "रेल्वेनं" असं सांगितलं तर काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भटजींना होडीबद्दल विचारलं. एक म्हणाले चालतं, दुसरे म्हणाले चालत नाही, तिसरे म्हणाले होडीत उभं राहिलं तर चालतं. काकूंना हे तिसरे भटजी फार आवडले.

पाणी जमिनीला का टेकवायचं नाही, हे पटवताना काका रावणाची गोष्ट सांगत. रावण शंकराचं आत्मलिंग घेऊन लंकेला निघाला होता, खाली ठेवलंस तर तिथेच राहील अशी अट होती. संध्याकाळ झाली. रावण नदीकाठी संध्येला बसला, लिंग एका गुराख्याच्या हातात दिलं आणि गुराख्याच्या रूपातल्या गणपतीने ते खाली ठेवलं. तेच गोकर्ण. "दोन घटका धरायला घरचं माणूस नव्हतं, म्हणून रावणाचं सगळं गेलं," असं म्हणून ते काकूंकडे पाहत. काकू गालातल्या गालात हसत. मला वाटे, त्या कौतुकाने हसतात.

शेवटी एका वर्षी दिवाळीनंतर ते निघालेच. महाशिवरात्रीला गोकर्णात पोचायचं होतं. आम्ही शेजारपाजारचे सगळे पहाटेच रामकुंडावर गेलो. काकांनी तांब्याचा गडू भरला, तोंडाला कापड बांधून लाखेने बंद केला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं. दोघांच्या गळ्यात हार घातले. कुणीतरी नारळ फोडला. मी रडलेसुद्धा. त्र्यंबक नाक्यापर्यंत पोचवायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही वाजतगाजत तिथवर गेलो.

नाक्यावर रस्ता फुटतो. एक आमच्याच सातपूरवरून त्र्यंबक-जव्हारकडे, एक मुंबई नाक्यावरून घोटीकडे. काका एका रस्त्याला वळले आणि काकू दुसऱ्या.

आम्ही सगळे बघतच राहिलो. वाट कोणती ते ठरलंच नव्हतं! काकांना वाटलेलं, निघताना ती ऐकेल. काकूंना वाटलेलं, निघताना ते ऐकतील. पाणी भरायच्या घाईत दोघांनीही विचारलं नाही. मग भर नाक्यावर, गळ्यात हार, खांद्यावर बोचकी, अशी बोलाचाली सुरू झाली. रिक्षावाले जमले, त्यांनीही मतं दिली. ऊन चढलं. काकूंना घेरी आल्यासारखं झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, आधी घरी चला, शांतपणे ठरवा आणि उद्या निघा.

ते घरी आले आणि तिथेच फसले. पाणी उचललेलं, आता ते खाली ठेवता येईना. बैठकीतल्या झोपाळ्याची कडी रिकामी करून काकांनी तिथे गडू टांगला. झोपाळा माळ्यावर गेला. तो 'उद्या' काही आला नाही. पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे धरले. एका वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सिंहस्थ आला तेव्हा काका म्हणाले, सगळा देश पाणी भरायला इकडे येतोय आणि आपण कुठे निघायचं? आणि दरवर्षी दिवाळी झाली की ओट्यावर तोच वाद, डोंगर की समुद्र. गडू कडीला. काकू रोज त्याला फूल वाहत आणि दर शनिवारी स्टुलावर चढून चिंचेने घासत. नवीन येणारा माणूस विचारे, हे काय? काकू सांगत, "आम्ही निघालोय ना गोकर्णाला." इतक्या सहज सांगत, की त्याला वाटे आज संध्याकाळचीच गाडी आहे.

आम्ही हसायचो. खोटं कशाला सांगू, सगळी गल्ली हसायची. म्हाताऱ्यांना भांडायला एक निमित्त आहे, जायचं कुणाला आहे, असं आम्ही म्हणायचो. आमची मुलगी त्या कडीखाली रांगायला लागली, शाळेत गेली.

मग काकूंचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते बरेच दिवस अंगावर काढलं. एका दुपारी त्या मोरीत पडल्या. मी खाली धावले, यांनी रिक्षा आणली. काकूंना आत ठेवलं आणि मी शेजारी बसणार, तेवढ्यात काका आत शिरले आणि काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ज्या माणसाने आयुष्यभर खोक्यात पाय ठेवला नाही, तो रिक्षावाल्याला "अरे पळव, पळव" म्हणून ओरडत होता. मी दुसऱ्या रिक्षाने मागून गेले. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही करण्यासारखं नाही म्हणून तसंच शिवलं.

दवाखान्यात दुपारी मी काकूंजवळ बसे, काका तेवढ्यात घरी जाऊन गडूला फूल वाहून येत. एकदा ते गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "पोरी, तुला एक सांगू? गोकर्ण समुद्रावरच हाय."

मला कळेना. त्या हसल्या. हसताना त्यांना टाके दुखत होते.

"डोंगरानं जा का कुठून बी जा, शेवटी समुद्रच. देऊळ त्याच्या काठावर हाय. मी लहानपणी कीर्तनात ऐकलंय, रावण समुद्राकाठी संध्येला बसला. हे मुद्दाम नदी सांगतात. तवाच मला समजलं, यांच्या मनात काय हाय ते. डोंगरानं न्यायचं, देवाला पाणी घालायचं, आन् मग म्हणायचं, बघ मागं वळून. लय वर्षं मनात धरून बसलेत."

"मग तुम्ही डोंगराला हो का नाही म्हणालात?"

"म्हणणार व्हते गं. दरसाली म्हणणार व्हते. पण लगेच हो म्हटलं तर त्यांना वाटलं नसतं का, हिला कळलं म्हणून? जरा ताणावं म्हटलं. ताणताणता..." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांना सांगू नको हं. त्यांची मजा जाईल."

त्याच संध्याकाळी काका त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले आणि त्यांचा हात धरून म्हणाले, "मी काय म्हनस, आपन समुद्रनी वाटे जाऊत. तू बरी व्हय. तू म्हनस तशी जाऊत."

"नही," काकू म्हणाल्या. "डोंगरनी वाटे."

"अव्वं, तुले समुद्र देखना शे ना?"

"माले काय नही देखना. डोंगरनी वाटेच जाऊत."

आणि दोघं पुन्हा भांडायला लागले. आता ते समुद्राच्या बाजूने आणि त्या डोंगराच्या. काकूंना धड श्वास पुरत नव्हता, तरी त्या मागे हटेनात. नर्सने येऊन काकांना दटावलं, पेशंटला बोलायला लावू नका म्हणून. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. मला त्या दोघांचा इतका राग आला होता आणि इतकी माया वाटत होती, की दोन्हींतलं कुठलं जास्त ते आजही सांगता येणार नाही.

काकू त्या आठवड्यात गेल्या.

दिवसकार्य झालं, नामपूरचे पाहुणे परतले. काका बैठकीत कडीखाली बसून असत. जेवणाचं ताट मी नेऊन ठेवी, तसंच उचलून आणी. एक दिवस ते आपणहून बोलले. म्हणाले, "पाणी उद्या गंगेत सोडून येतो. नवस दोघांचा होता." मग वर गडूकडे बघत म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे का, गोकर्ण समुद्रावर आहे. मी तिला कधी बोललो नाही. मला वाटायचं, एकदम दाखवू. चेहरा कसा होतो बघू. एक शब्द बोललो असतो, की बाई, तिकडेपण समुद्रच आहे, तर ती त्याच दिवशी नाक्यावरून माझ्यामागं आली असती. माझ्या हौसेपायी ती समुद्र न बघता गेली."

काकूंनी सांगू नको म्हटलं होतं. पण समोर बसलेला म्हातारा माणूस उरलेलं सगळं आयुष्य हेच घोकत बसणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "काका, काकूंना माहीत होतं."

त्यांनी मान वर केली.

"त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही गोष्टीत नदी सांगता त्यावरूनच त्यांनी ओळखलं होतं."

"मग भांडत कशाला होती?"

"तुमची मजा जाऊ नये म्हणून."

काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत, आणि ते हसतही होते, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "येडी शे," ते म्हणाले. "येडी शे ती." काकू गेल्यापासून मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मग मीही शेजारी बसून रडून घेतलं.

त्यांनी पाणी गंगेत सोडलं नाही. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी कडीवरून गडू काढला आणि मला हाक मारून तो माझ्या हातात दिला, तोवर त्यांनी चपला घातल्या, बोचकं पाठीला बांधलं. मी विचारलं, "कुठून जाणार?" त्यांनी त्र्यंबकच्या रस्त्याकडे, काकूंच्या समुद्राच्या वाटेकडे, हात केला. या वेळी हार नव्हते, वाजंत्री नव्हती. मी गेटपर्यंत गेले.

महाशिवरात्र होऊन गेली, काका आले नाहीत. आम्ही काळजीत होतो. होळीच्या सुमाराला एका दुपारी ते एसटीने आले. अंग काळं पडलं होतं, निम्मे झाले होते. गडू रिकामा होता. मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि हळूहळू सांगू लागले.

झाड कुठे मिळायचं, कुठे नाही मिळायचं. जेवायला बसायचं तर गडू धरायला माणूस हवा. मग ते वाटेतल्या कुणालाही म्हणत, बाई, जरा धरा. कोळणी धरायच्या, एसटी स्टँडवरच्या म्हाताऱ्या धरायच्या, होडीतल्या बायका धरायच्या. कुणी नाही म्हटलं नाही. पण धरल्यावर जी ती विचारायची, आजोबा, तुमचं माणूस कुठाय?

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, मागून येते आहे. पाय दुखतात तिचे, हळू चालते. त्यासुद्धा मागं बघायच्या आणि मी पण बघायचो. सगळ्या वाटेवर मी हेच सांगत गेलो. इतके दिवस सांगितलं, की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं."

चहा बशीत तसाच राहिला होता.

"गोकर्णाला मात्र पंचाईत झाली," काका म्हणाले. "गाभाऱ्यात गेलो. नवस सांगितला. गुरुजी म्हणाले, मग यजमानीणबाईंना बोलवा आत, जोडीनं हात लावायचा. मी सवयीनं मागं वळलो. गाभाऱ्याच्या दारात पुष्कळ माणसं उभी होती. गुरुजी थांबले होते. म्हणाले, कुठे आहेत? बोलवा ना." त्यांनी बशी खाली ठेवली. "तेव्हा मला सांगावं लागलं."